तेरणेचा अच्छा नमुना

मूस थंड झाली. मी ती चिमट्यानं उचलून बॅलन्सच्या पारड्यात ठेवली आणि पुन्हा वजन केलं. जाळण्याआधीचं वजन आणि जाळल्यानंतरचं वजन, दोन्हींत फरक जवळजवळ नव्हताच.

"पुन्हा करा," सुब्बाराव साहेब म्हणाले.

मी पुन्हा केलं. उत्तर तेच.

साहेबांनी कपाटातली बाटली काढून खिडकीपाशी धरली. लेबलवर 'तेरणा, पूर' असं लिहिलेलं होतं. बाटलीच्या पलीकडे अंगणातला कडुलिंब स्वच्छ दिसत होता.

"मानिक, ये नदी है या बावडी? पुराचं पाणी असं असतंय का?"

तेरणेचा पूर मी लहानपणी पाहिला होता. त्या पाण्यात हात घातला तर बोटं दिसत नसत.

आमचं काम काय होतं ते सांगतो. मूस म्हणजे चिनी मातीची छोटी वाटी. नदीचं पाणी गाळायचं, जो गाळ राहील तो वाळवून त्याचं वजन करायचं आणि मग मुशीत घालून लाल होईपर्यंत तापवायचा. माती जळत नाही. जळतं ते पान, काडी, शेण, किडे, म्हणजे जे कधीतरी जिवंत होतं ते. त्याला सेंद्रिय द्रव्य म्हणतात. वजन जितकं घटेल तितकं त्या गाळात सेंद्रिय द्रव्य. नदी आपल्या मुलखातून काय घेऊन जाते, याचा हिशेब असा लागतो.

हा हिशेब सुब्बाराव साहेबांना हवा होता. ते आमच्या उस्मानाबादच्या लहानशा सरकारी लॅबोरेटरीचे प्रमुख, निजामाच्या काळापासून नोकरीत. मी त्यांचा असिस्टंट. माझे वडील मुरुमच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मापाडी होते; धान्याची मापं भरून देणं हे त्यांचं काम. आमच्या घराण्यात पहिली डिग्री माझी. ती घेऊन मी आलो तेव्हा मला बॅलन्सला हात लावायची भीती वाटे. साहेबांनी माझा हात धरून वजनं ठेवायला शिकवलं. एखादं वजन पारड्यावर आपटलं तर रागावायचे नाहीत. डोळे मिटून घ्यायचे. ते रागावण्याहून जास्त लागायचं.

साहेबांचं गाव गोदावरीच्या मुखाशी. घरच्या अंगणातून नदी समुद्राला मिळताना दिसते, असं ते सांगत. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. आमच्या शिवारातलं पान त्यांच्या दारावरून समुद्रात जात होतं.

"पूर आल्यावर आमचे कोळी लोक खूश होतात," ते म्हणत. "पुराच्या मागून मासा येतो, कोळंबी येते. का येते? वरून खाना येतो म्हणून. पान कुजतं, त्याचं खत होतं. त्या खतावर समुद्रात डोळ्यांना न दिसणारी वनस्पती वाढते. ती लहान जीव खातात, त्यांना मासा खातो. तुम्ही शेतात खत टाकता ना? तशी नदी समुद्रात टाकते. पण किती टाकते? वरच्या नद्यांचं कोणीच मोजलं नाही."

किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेत त्यांचे मित्र खालच्या पाण्याचं मोजमाप करत होते. वरचे आकडे साहेबांनी द्यायचे, असं ठरलं होतं. पण वेळ उरला नव्हता. राज्यांची फेररचना जाहीर झाली होती. मराठवाडा मुंबई राज्यात जाणार आणि साहेब आंध्रात. दसऱ्यानंतर चार्ज द्यायचा होता. त्यांच्या जागी येणाऱ्या माणसाला शेतमातीच्या तपासणीचं काम होतं, समुद्राशी घेणंदेणं नव्हतं. या पावसाळ्यात तेरणेचं उत्तर मिळालं नाही तर मिळणारच नव्हतं.

"चला," साहेब म्हणाले. "नदीला विचारून येऊ."

हेडक्लार्क कुळकर्णी दारातच आडवे आले. "साहेब, चार्जचे कागद तयार करायचे आहेत. आता गढूळ पाण्यासाठी दौरा?"

"कुळकर्णीजी, साफ पानी के वास्ते कोई दौरा करता है क्या?"

कुळकर्णी बाजूला झाले.

आमचं ठिकाण उमरग्याच्या उत्तरेला, तेरणेकाठच्या एका गावात होतं. बस फाट्यावर सोडायची आणि पुढं बैलगाडी. पाण्याची उंची दाखवणारा रंगवलेला खांब नदीत रोवलेला होता. त्याला गेज म्हणतात. तो वाचायचा आणि पूर आला की बाटल्या भरून धाडायच्या, हे काम सोपानराव या शेतकऱ्याकडे होतं.

आम्ही पोचलो तेव्हा नदी उतरलेली होती. महिनाभर पावसानं ओढ दिली होती. सोपानरावांनी घोंगडी अंथरली. त्यांच्या पत्नी केशरबाईंनी तांब्याभर पाणी आणून ठेवलं. साहेबांनी तांब्यात वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बाटलीतलं पाणी आणि हे पाणी, दोन्ही सारखंच निर्मळ.

"सोपानराव, पुराची बाटली कशी भरली?"

सोपानराव खुलले. "लई जपून भरली, साहेब. मधल्या धारंतून बादली आणली. तुरटी फिरवली. रातभर ठिवली. मग धोतराची चौघडी करून गाळून घितली. गावात चार जणांला दावली बाटली. पाटील म्हणले, असलं पाणी तर आमच्या हिरीला बी न्हाय."

मला हसावं की रडावं कळेना. साहेबांनी मात्र शांतपणे विचारलं, "धोतरावर जे राहिलं, ते किधर है?"

"त्यो गाळ व्हय?" केशरबाई आतून म्हणाल्या. "त्यो टाकला की भोपळ्याच्या बुडाला."

साहेब उठले आणि परसात गेले. भोपळ्याचा वेल छपरावर चढून पलीकडच्या गोठ्यावर उतरला होता. पानं परातीएवढी. साहेबांनी एक पान हातात धरलं आणि मोठ्यानं हसले.

"मानिक, देखो! समुंदर का खाना कद्दू खा गया!"

सोपानरावांचा चेहरा उतरला. काहीतरी चुकलंय हे त्यांच्या लक्षात आलं, पण काय ते उमगेना. "साहेब, तुमीच म्हणलाव की. 'मेरेको अच्छा नमुना होना, कैसा-बी नक्को.' मग घाण पाणी कसं धाडावं? मुरुमच्या अडतीला ज्वारीचा नमुना न्यायचा तर आमी काय खडे घिऊन जाताव?"

साहेब माझ्याकडे वळले. मला उत्तर ठाऊक होतं. माझं बालपणच त्या मोंढ्यात गेलेलं. मी सांगितलं, की आमच्याकडे शेतकरी पोतं आणण्याआधी मूठभर धान्य अडत्याच्या हातावर ठेवतो. त्याला नमुना म्हणतात. घरची बाई ते धान्य पाखडते, खडे वेचते, टपोरे दाणे निवडते. नमुना म्हणजे चांगल्यातलं चांगलं. त्यात घराची अब्रू असते. आपल्या लॅबोरेटरीत नमुना म्हणजे जे आहे, जसं आहे, तेच. शब्द एक, अर्थ उलटे. आणि त्यात साहेब 'अच्छा' म्हणाले.

साहेबांनी हातातलं पान सोडलं.

"गलती मेरी है," ते म्हणाले. "सोपानराव, तुमने मेरी इज्जत रखी. मैंने ही गलत लफ्ज बोला."

इतका शिकलेला अधिकारी एका शेतकऱ्यासमोर, त्याच्याच परसात, चूक आपली म्हणून सांगत होता. मी तोवर तसं पाहिलं नव्हतं. नंतरही फार वेळा पाहिलं नाही.

पण चूक कोणाची का असेना, पूर भोपळ्याला गेला होता. आता दुसरा पूर येईल तेव्हाच. आम्ही परतलो. साहेबांचं सामान बांधायला सुरुवात झाली होती. ते रोज सकाळी लॅबोरेटरीच्या पायरीवर उभे राहून बालाघाटाच्या बाजूला पाहत आणि आत येत.

पोळा झाला, गौरी-गणपती झाले. मग एके दिवशी वरच्या अंगाला काळं भरून आलं. भूमकडून आलेला बसचा ड्रायव्हर म्हणाला, तिकडं ओढे भरून चाललेत. साहेबांनी कुळकर्ण्यांना विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सोपानरावांबरोबर काठावर उभे होतो. पूर दिसण्याआधी त्याचा वास आला. ओल्या शेणाचा, कुजक्या कडब्याचा, पेटवून दिलेल्या बांधांच्या राखेचा. मग पाणी आलं. पुढं फेसाची कड, फेसात भुसकट, पळसाची पानं, बाभळीच्या शेंगा, भुंगेरे, एक तुटकी टोपली. आमच्या सगळ्या शिवारांनी वर्षभर जे सांडलं, गाळलं, टाकून दिलं, ते नदीनं झाडून घेतलं होतं. त्याआधी मला पूर म्हणजे नुकसान वाटे. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्याकडे शिदोरी म्हणून पाहिलं.

आमच्याकडे लोखंडी चौकटीत बसवलेली बाटली होती. दोरानं ती पाण्यात सोडायची, खोल गेली की दुसऱ्या दोरीनं बूच ओढायचं. सोपानराव कमरेइतक्या पाण्यात उतरले. बाटली खाली गेली. त्याच वेळी वरून एक उन्मळलेली बाभळ आली आणि दोर तिच्या फांद्यांत अडकला. सोपानरावांनी दोर मनगटाला गुंडाळला होता. ते ओढले जाऊ लागले.

"बाटलीपायी मरताव का!" केशरबाई काठावरून ओरडल्या.

"छोडो!" साहेबांचा आवाज मी तेवढा मोठा कधी ऐकला नव्हता. "सोपानराव, छोड दो! जाने दो!"

सोपानरावांनी मनगट सोडवलं. बाभळ दोर, चौकट, बाटली घेऊन वळणाआड गेली. सोपानराव काठावर येऊन बसले. साहेबांनी आपला पंचा त्यांच्या खांद्यावर टाकला. एवढ्या महिन्यांचं वाट पाहणं वाहून गेलं होतं, पण ते सोपानरावांचं मनगट चोळत होते.

"आता कशात भरायचं?" मी विचारलं. सुट्या बाटल्या होत्या, पण त्या पाण्यावर नुसत्या तरंगत. आणि अरुंद तोंडात पान शिरलं नसतं.

केशरबाई घराकडे गेल्या आणि आपली पिण्याच्या पाण्याची घागर घेऊन आल्या. राखेनं घासलेली, लखलखीत. तिच्या गळ्याला त्यांनीच कासरा बांधला.

"ह्यात भरा."

"अगं, पिण्याची घागर..." सोपानराव म्हणाले.

"घासून घिईन मी. साहेबाला घाणच पाहिजे तर घाण द्या. पर मनाजोगी द्या."

या खेपेला काठावरच्या दगडावरूनच सोपानरावांनी घागर धारेत फेकली. ती बुडाली, भरली, आम्ही दोघांनी ओढून घेतली. तोंडाशी पळसाचं एक कुजकं पान चिकटलं होतं. सोपानरावांचं बोट सवयीनं पुढं गेलं.

"नको!" साहेब ओरडले. "राहू दे त्याला! ते पान माझं आहे!"

सोपानरावांनी हात मागं घेतला. "घ्या," ते म्हणाले, "आता पान बी इज्जतीचं झालं." तेव्हा कुठं सगळे हसलो.

पूर चढताना आणि उतरताना आम्ही पुन्हा पुन्हा घागर भरली. साहेबांनी लेबलवर 'वरच्या थरातलं पाणी' असं स्पष्ट लिहायला लावलं. खोलीवरचं पाणी मिळालं नव्हतं, तर ते मिळालं नाही असंच लिहायचं.

लॅबोरेटरीत मूस तापली तेव्हा खोलीभर वास पसरला. उन्हाळ्यात शेतात धसकटं जाळतात, तसा. कुळकर्णी नाकाला रुमाल लावून डोकावले. साहेब मात्र डोळे मिटून तो वास घेत होते. वजन केलं. या वेळी फरक शोधावा लागला नाही, पारडं उघड उघड वर गेलं.

"आठ-नऊ महिने कोरडी पडणारी नदी," साहेब हळूच म्हणाले. "लोक म्हणतात, गरीब नदी. देखो, कितना लेके जाती है."

दसऱ्यानंतर ते गेले. उरलेला गाळ लहान नळ्यांत भरून, मेण लावून, कपड्यांच्या ट्रंकेत सगळ्यांत वर ठेवून घेऊन गेले. स्टेशनात मी त्यांच्या पाया पडलो तेव्हा म्हणाले, "मानिक, वजन आपटू नको." एवढंच.

त्यांच्या किनाऱ्यावरच्या मित्रांनी आमचे आकडे हिशेबात धरले, असं पुढं कळलं. ते कळलं अशा रीतीनं. थंडीत ऑफिसात एक पार्सल आलं, कापडात शिवलेलं. कुळकर्ण्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि वासानं लांब सरकले. आत सुकट होती, वाळवलेली बारीक कोळंबी. वर साहेबांची चिठ्ठी, 'तेरणेचे आकडे खालच्या आकड्यांशी जोडले गेले. हा समुद्राकडून सोपानरावांना नमुना.'

मी पार्सल घेऊन सोपानरावांच्या गावी गेलो. केशरबाईंनी सुकट सुपात ओतली आणि त्यांचे डोळे विस्फारले. कोळंबीत वाळू होती, शिंपल्यांचे तुकडे होते, माशांचे खवले होते, समुद्रातलं वाळकं शेवाळसुद्धा होतं. किनाऱ्यावरून उचललं तसंच शिवून पाठवलेलं.

"ह्ये काय, मानिकराव? वेचून बी न्हाय धाडली?"

सोपानराव सुपाकडे बघत राहिले, मग खो खो हसत सुटले. "अगं, ह्यो साहेबाचा नमुना हाय! जसं हाय तसं!"

केशरबाई सूप घेऊन उंबऱ्याशी वेचायला बसल्या. शिंपल्यांचे तुकडे आणि खवले त्यांनी बाजूला काढले आणि उठून भोपळ्याच्या बुडाशी टाकले. संध्याकाळी सुकटीचं कालवण आणि भाकरी मी पोटभर जेवलो.

पुढं सगळी नोकरी मी मातीचे आणि पाण्याचे नमुने गोळा करण्यात काढली. पण शेतकऱ्यापुढं 'नमुना' हा शब्द पुन्हा उच्चारला नाही. 'जसं आहे तसं द्या' एवढंच म्हणत आलो. तरीही अधूनमधून कोणीतरी चाळून, खडे वेचून मातीची पुडी आणून देतोच. अशा वेळी मी त्याच्यावर रागावत नाही. डोळे मिटून घेतो आणि आधी त्याच्या घरी भोपळ्याचा वेल आहे का ते विचारतो.