आरशावरचं कुंकू

बोरी अरबात उकंडा खोब्रागडेचं म्हणणं कोणी कधी एका फटक्यात खरं मानलं नाही. आधीची तीन लेकरं गेली म्हणून आईनं या चौथ्याला उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नाव ठेवलं उकंडा. गावच्या शाळेत तो एकतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होता. नळ्या धुतल्या, सूक्ष्मदर्शक दुरुस्त केले, विज्ञान प्रदर्शनाचे प्रयोग रात्र-रात्र बसून जुळवले. बक्षीस घ्यायला मंचावर गेले सर लोक. एकदा त्यानं चंद्रग्रहणाची वेळ मिनिटासकट सांगितली, तर पानठेल्यावरचे म्हणाले, "उकंडाभाऊ, तुमी कायले डोक्स लावता? मोबाईलवर पाहून घेऊ." पाहिलं. तीच मिनिटं निघाली. मग म्हणतात कसे, "मोबाईल बरोबर सांगते, बाप्पा!" घ्या आता! अशा गावात माणसानं करावं तरी काय?

त्यानं दुर्बीण केली. विकत घेतली नाही, केली. आठ इंच रुंदीच्या दोन जाड काचा पुण्याहून मागवल्या. रिकामा ड्रम उपडा घातला, त्यावर खालची काच पक्की केली, मध्ये घासायची पूड आणि पाणी टाकलं, वरून दुसरी काच घासत ड्रमभोवती फिरायला लागला. सात महिने, रोज ड्युटीवरून आल्यावर दोन तास. बायको पंचफुला म्हणायची, "अजी, घाण्याचा बैल तरी बरा, त्याच्या फिरण्यातून तेल निघते." पण वरची काच बशीसारखी खोलगट झाली, मग गुळगुळीत झाली, मग पुण्याला जाऊन ॲल्युमिनियमचा मुलामा चढवून आली. आरसा झाला. त्यात शनीची कडी पहिल्यांदा दिसली तेव्हा हीच पंचफुला दहा मिनिटं डोळा काढेना.

हा छंद एकट्या उकंडाचा नाही. जगात याचे लाखो वेडे आहेत. जपानात एक बेकरीवाला आहे, ऑस्ट्रेलियात मेंढ्या राखणारा एक म्हातारा आहे, ब्राझीलमध्ये बस चालवणारी एक बाई आहे. दिवसा पोटाचं काम, अंधार पडला की गच्ची. आणि ही माणसं नुसती बघत नाहीत, कामाचं काही करतात. आकाशात लहान-मोठे खडक फिरतात, लघुग्रह म्हणतात त्यांना. कधी असा एखादा खडक नेमका एखाद्या ताऱ्यापुढून जातो. तारा चार-पाच सेकंद विझतो आणि पुन्हा लागतो. हे जमिनीवरच्या एका अरुंद पट्ट्यातूनच दिसतं. त्या पट्ट्यात जागोजागी लोक दुर्बिणी लावून बसतात, तारा कधी गेला आणि कधी आला ते टिपतात. सगळ्यांच्या वेळा एकत्र मांडल्या की त्या खडकाचा आकार निघतो.

उकंडानं नऊ वर्षांत अशा सेहेचाळीस नोंदी पाठवल्या होत्या. एका मोबाईलवर वेळेची टिकटिक लावायची, दुसरा रेकॉर्डिंगला ठेवायचा, डोळा दुर्बिणीला. तारा विझला की "गेला!", लागला की "आला!" सगळ्या नोंदी गोळा करणाऱ्या बाई स्पेनमधल्या, निवृत्त नर्स. इंग्रजी पत्रव्यवहार उकंडाची मुलगी पायल बघायची. त्या बाईंनी उकंडाला कधी विचारलं नाही की तुमचं शिक्षण किती, तुम्ही कोण. त्यानं वेळ पाठवली की त्या म्हणायच्या, आभारी आहोत, यादीत घेतली. बस्स. उकंडाला या दोन शब्दांचं केवढं अप्रूप होतं! साठी ओलांडलेला माणूस, पण पायलनं पत्र वाचून दाखवलं की दिवसभर अंगणात उगाच येरझाऱ्या घालायचा. जगात कुठंतरी त्याचा शब्द जसाच्या तसा घेतला जात होता.

उकंडाच्या घरावर टिनं, गच्ची नाही, त्यामुळं दुर्बीण शाळेत. निवृत्तीनंतर मुख्याध्यापक भगवानरावांनी गच्ची वापरू दिली, बदल्यात उकंडानं महिन्यातून एकदा पोरांना आकाश दाखवायचं. दुर्बिणीची नळी गच्चीवरच्या खोलीत आणि आरसा वेगळा काढून लाकडी पेटीत, प्रयोगशाळेच्या कपाटात. भगवानराव माणूस वाईट नव्हते. हेच तर दुखणं आहे. माणूस वाईट असता तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

पहिल्याच वर्षी खंडेनवमीला शाळेत यंत्रांची पूजा निघाली. कॉम्प्युटर, शिलाई मशीन, शाळेची गाडी, सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडूची फुलं. उकंडा आडवा झाला. "सर, दुर्बिणीची पूजा नका करू. आरशावरचा मुलामा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असते. कुंकवात चुना असते, तो मुलामा खाऊन टाकते. मी सोता त्याले बोट लावत नाई."

भगवानरावांनी मान डोलावली. "समजलं भाऊ, समजलं. तुमच्या भावना आमी जपू."

भावना! त्यानं चुना सांगितला, सरांनी धर्म ऐकला. उकंडा बौद्ध, त्याला पूजा चालत नाही, म्हणून मुलाम्याचं निमित्त पुढं करतो, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. त्या वर्षी दुर्बीण सुटली, पुढली दोन वर्षंही सुटली, कारण खंडेनवमीला उकंडा स्वतः दाराशी उभा राहिला.

यंदा त्याला उभं राहता आलं नाही. पंचफुलाच्या मनात दीक्षाभूमीवर दसऱ्याच्या दोन दिवस आधीच जायचं होतं, बहिणीकडे मुक्काम करायचा होता. तिघंही नागपूरला गेली. दसरा करून परत आली. उकंडाच्या डोक्यात मात्र एकच तारीख होती. कोजागिरीनंतर तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटांनी, चंद्र उगवायच्या आत, एक खडक एका ताऱ्यापुढून जाणार होता आणि त्या पट्ट्याची मधली रेघ बोरी अरबवरून जात होती. स्पेनच्या बाईंनी लिहिलं होतं, मधल्या रेघेवर तुम्ही एकटेच आहात, तुमच्यावर भिस्त आहे. पायलनं ते वाक्य तीनदा वाचलं. त्यानंच वाचायला लावलं.

आदल्या दिवशी दुपारी तो आरसा नळीत बसवायला शाळेत गेला. पेटी उघडली. फडकं वेगळंच होतं. ते सोडलं. आरसा नव्हताच, नुसती काच होती. कडेला मुलाम्याची दोन-चार ठिगळं उरली होती, त्यावर पाच बोटांचे काळपट डाग. मधल्या काचेवर गोल-गोल ओरखडे.

नवा परिचर रामसिंग दारात उभा होता. पोराबाळांचा बाप, पण तोंड मार खाल्लेल्या पोरासारखं उतरलेलं. "काका, सरांनी पेटी काढाले लावली. म्हणे दुर्बिणीचा जीव यातच असते. कुंकू लावलं, नारळाचं पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तं डाग. तुमी रागावसान म्हून मी निरम्यानं घासला. जितका घासला तितकी चमक जाऊन राह्यली, काका. मंग भेव वाटलं अन् गुंडाळून ठेवला."

उकंडानं काच फडक्यात गुंडाळली. ऑफिसात गेला, काच भगवानरावांच्या टेबलावर ठेवली. भगवानरावांना खरंच वाईट वाटलं. चष्मा काढून पुसला, परत घातला. मग म्हणाले, "भाऊ, आमी तं आपुलकीनं केलं हो. साऱ्या शाळेची पूजा होते अन् तुमचीच वस्तू दरसाल बाजूले राह्यते. मले ते बरं नाई वाटलं. उद्या कोणी म्हणन, खोब्रागडेची म्हून वेगळी ठेवली."

 वेगळं ठेवू नये म्हणून पूजा केली, आणि ज्याची वस्तू त्याचं सांगणं मात्र कानाआड. जवळ घ्यायची ही कुठली तऱ्हा? उकंडाच्या तोंडून एवढंच निघालं, "सर, मी चुना म्हणलो होतो."

"बाहेर कुठं बोलू नका," सर हळू आवाजात म्हणाले. "शाळेचं नाव खराब होईन."

दुसऱ्या दिवशी सात वाजता तो तरीही गच्चीवर गेला. मुलामा गेलेल्या काचेत एवढा बारीक तारा दिसणार नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी ती नळीत बसवून डोळा लावून बसला. आभाळ इतकं स्वच्छ, की चीड यावी. सात बारा झाले, सात तेरा झाले. त्यानं रेकॉर्डिंग बंद केलं. त्यात काही नव्हतं, फक्त टिकटिक.

घरी पायल फॉर्म उघडून बसली होती. दिसलं, नाही दिसलं, की पाहता आलं नाही? पाहता आलं नसेल तर कारण लिहा. "बाबा, काय लिवू? खरं लिवते. आरशाले कुंकू लावलं, मंग निरम्यानं धुतला."

उकंडानं डोळे मिटले. त्याला ती बेकरी दिसली, ती बस दिसली, स्पेनच्या बाई दिसल्या. सगळ्यांच्या हातात हे पत्र आणि सगळे हसताहेत. कोणाला? बोरी अरबला. ज्या गावानं त्याला कधी धड गणलं नाही, त्याच गावाची त्याला लाज राखावीशी वाटली. काय म्हणावं या माणसाला!

"ढग होते म्हून लिव," तो म्हणाला.

"बाबा, आभाळ तं..."

"लिव म्हणतो ना."

आठ दिवसांनी उत्तर आलं. पायलनं आधी मनातल्या मनात वाचलं, मग मोठ्यानं वाचेना. उकंडानं दोनदा विचारलं तेव्हा वाचलं. तुमच्या उत्तरेला कारंज्याहून एका डॉक्टरबाईंनी आणि दक्षिणेला आणखी दोघांनी स्वच्छ आकाशात नोंद घेतली आहे. उपग्रहाच्या चित्रातही त्या वेळी तुमच्या भागावर ढग नाहीत. आमचं सारं काम बघणाऱ्याच्या शब्दावर चालतं. त्यामुळं तुमच्या आधीच्या सेहेचाळीस नोंदी तूर्त यादीतून काढत आहोत. क्षमस्व.

पंचफुला चुलीपाशी होती. "काय म्हणते ते बाई?" तिनं विचारलं. उकंडा उठून अंगणात गेला.

त्या रात्री पायलनं बापाला न विचारता सगळं खरं लिहून पाठवलं. आरशाचे फोटो जोडले, डाग, ओरखडे, सगळं. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, आणि आधीच्यापेक्षा मऊ होतं. झाल्या नुकसानीचं वाईट वाटतं. पण एकदा चुकीचं कारण आल्यामुळं आता फक्त तुमच्या सांगण्यावर जाता येत नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांचं दोन ओळींचं सहीचं पत्र मिळालं, तर सगळ्या नोंदी परत घेऊ.

उकंडाला हायसं वाटलं. दोनच ओळी! तो धुतलेला सदरा घालून शाळेत गेला. भगवानरावांनी खुर्ची दिली, चहा मागवला. सगळं नीट ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला.

"भाऊ, हे लेखी कसं देऊ? पूजेनं नुकसान झालं, अशी माझी सही? उद्या हा कागद कोणाच्या हाती लागला तं गावात काय होईन, तुमाले माहीत नाई काय? माझी दोन वर्षं राह्यली फक्त."

"सर, नऊ वर्षांच्या नोंदी आहेत माह्या. आयुष्यात तेवढंच माहं खरं मानलं कोणी."

 भगवानरावांनी खरोखरीच्या कळवळ्यानं शाळेचं लेटरहेड पुढं ओढलं, पेन उघडलं, शिक्का जवळ घेतला.

"असं करू," ते म्हणाले. "तुमच्यासाठी एवढं तं करतोच मी. ढग होते, असं लिवून देतो."