काजूच्या चिकाची खूण

तुमच्या दंडावर देवी टोचल्याची खूण आहे ना? तिच्यावरून कधी अंगठा फिरवून पाहिलाय? आत्ता फिरवा. थोडा खळगा लागेल, कडा किंचित खरखरीत लागतील. माझ्या उजव्या दंडावर तशी खूण आहे. डाव्यावरही एक आहे, पण ती सपाट आहे. त्या सपाट खुणेबद्दल हा कागद लिहीपर्यंत मी आपणहून तोंड उघडलं नव्हतं. घरी नाही, कॉलेजात नाही — ज्या विद्यार्थी मंडळाची पत्रकं मी लिहितो, त्या मंडळात तर नाहीच.

पत्रकांवरच मी वाढलो. वडील मुंबईच्या गिरणीत होते. सुट्टीवर येताना ट्रंकेच्या तळाशी युनियनचे छापील कागद असायचे, त्यांवरून बोट फिरवत मी वाचायला शिकलो. त्या कागदांत कुणी कधी भीत नसे. मला वाटायचं, लिहिणारी माणसंही तशीच असणार. का नाही वाटणार?

मी कोल्हापूरला कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. शहरात देवीची साथ होती. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी रेक्टरांनी फळ्यावर लिहिलं, परत येताना ज्याच्या दंडावर टोचल्याची ताजी खूण नसेल त्याला हॉस्टेलात जागा नाही. मुलं कुरकुरली. मी कुरकुरलो नाही. मी पत्रक लिहिलं! विद्यार्थ्यांनो, भिऊ नका, टोचून घ्या, गावोगाव सांगा. आजही ते वाचलं तर मला त्यातला शब्दही बदलावासा वाटत नाही. ते खरंच होतं. त्यातलं सगळं खरं होतं, लिहिणारा सोडून.

कारण मी स्वतः टोचून घेतलं नव्हतं. लहानपणी टोचणारा गावात आला की घरचे मला पडवीतल्या गवताच्या गंजीमागे लपवायचे. मोठेपणी — मोठेपणी मीच लपलो. टोचायची ती दातेरी चकती कातडीवर टेकवून पिळतात, ते मी एकदा पाहिलं होतं. बस. एवढंच कारण आहे. यापेक्षा मोठं, तात्त्विक काहीतरी सांगता आलं असतं तर कदाचित आधीच सांगितलं असतं.

सुट्टीत गावी आल्यावर मालवणच्या मासळी बाजारात मी उलट्या खोक्यावर उभा राहून पत्रक वाचून दाखवत होतो. समोर टोपल्या, माशा, आणि ऐकणाऱ्या बायका. एक जण कोयता न थांबवता ओरडली, "पयलो तुजो दंड दाखय रे झिला!"

सगळा बाजार हसला. मीही हसलो. म्हणालो, कॉलेजातच टोचून घेतलंय, अजून पट्टी आहे, सोडल्यावर दाखवतो.

किती सहज निघालं ते तोंडातून!

घरी काजूच्या ओल्या बिया पडल्या होत्या. टरफलातला चीक कातडी कसा भाजतो, हे आमच्याकडे पोरासोरांना माहीत असतं. लहानपणी आम्ही त्याने हातावर अक्षरं काढायचो. मी दंडावर गोल काढला. फोड आला, खपली धरली. मग बाही वर करून बाजारातून फिरलो, चार हात लांबून. बायकांनी मान डोलावली. त्यातल्या काही पोरांना घेऊन दवाखान्यात गेल्या, हे मला नंतर कळलं. माझ्या खोट्याने त्यांचं भलं झालं असं म्हणून मी सुटावं का? नाही. अजून इनास यायचा आहे.

इनास माझा शाळेपासूनचा मित्र, कोल्हापूरला एकाच खोलीत राहायचो. बापाविना वाढलेला. त्याला बोटीवर नोकरी करायची होती, मोठ्या बोटीवर, आफ्रिकेपर्यंत जाणाऱ्या. त्यालाही कधी टोचलं नव्हतं, त्याची आई तापाला घाबरायची. माझं पत्रक त्याने तिला वाचून दाखवलं, समजावलं, आणि मला सोबतीला न्यायला आला. येताच माझा दंड धरला. मी कळवळलो. त्याने जवळून पाहिलं.

"ह्यो काजीचो चीक," तो म्हणाला. मग पोट धरून हसला. "मेल्या, लोकांका सांगतंस भियेव नका, आणि तूच भियतंस?"

हसून झाल्यावर तो जे म्हणाला, ते मी रोज ऐकतो. "चल मरे, दोघांयनी जावया. कोणाक कळाचा नाय."

दार उघडं होतं, बघा. त्याने उघडून धरलं होतं.

मी गेलो नाही. मी त्यालाही जाऊ दिलं नाही. दंड कसा सुजतो, ताप कसा चढतो, हे मी त्याला रंगवून सांगितलं — मला शब्दांची कधी वाण नव्हती. रेक्टर लांबूनच बघतो म्हणालो. त्याने स्वतःचा दंड चाचपला. मग म्हणाला, "तुका चलता, तर माका कित्याक नाय?" त्याच्या दंडावर चीक मी माझ्या हाताने लावला.

का? मित्राच्या काळजीने? छे. ज्याच्या दंडावर माझ्यासारखीच खूण असेल, तो माझं नाव सांगणार नाही — म्हणून. हे मला तेव्हाही स्वच्छ कळत होतं. लहान होतास, असं कृपा करून म्हणू नका. लहान माणसाला असा हिशेब जमत नाही.

हॉस्टेल उघडलं. रेक्टरांनी दंड पाहिले, लांबूनच. पावसाळा सरायच्या आत इनासला देवी आल्या. त्याला सरकारी दवाखान्यात हलवलं आणि हॉस्टेलातल्या सगळ्यांना पुन्हा रांगेत उभं केलं. या वेळी चीक लावायला सवड नव्हती. मी उजवा दंड पुढे केला. चकती टेकली, फिरली, झालं. मुंगी चावल्याएवढं. इतकंच होतं ते!

इनास वाचला. एक डोळा गेला, चेहऱ्यावर वण राहिले. बोटीवर एका डोळ्याच्या माणसाला घेत नाहीत. डॉक्टरांनी त्याला विचारलं, ही अक्कल कुणी शिकवली? तो म्हणाला, माझा मीच.

इथे थांबलो असतो, तर तुम्ही मला भित्रा म्हणाला असता आणि ते बरोबर झालं असतं. पण मंडळाला नवं पत्रक हवं होतं, डोळ्यांत अंजन घालणारं. ते मी लिहिलं. त्यात इनासचं नाव घातलं. गाव घातलं. काजूचा चीक घातला. आणि लिहिलं की हा भित्रा होता. माझा शब्द — माझ्या मापाचा, माझ्या हक्काचा — उचलून मी त्याच्या कपाळावर डकवला, तो अजून खाटेवर असताना.

मालवणच्या बाजारात त्याचं नाव 'काजूगर' पडलं. आज तो मामाच्या बेकरीत आहे. पोरं पाव घ्यायला येतात आणि तसंच हाक मारतात. त्याच्या आईला वाचता येत नाही. तिने ते पत्रक कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि रस्त्यात मला थांबवलं. म्हणाली, "बरां लिवलंस रे बाबा. माज्या झिलाचा झाला ता झाला, दुसऱ्याचो झील वाचात." मी मान खाली घातली. तिला वाटलं, मला दुःख झालंय.

आता मंडळातले मित्र म्हणतात, हे छापू नकोस. टोचणीला विरोध करणारे टपून बसलेत, तुझा कागद फडकवतील. फडकवू देत! त्यांनी दोन चेहरेही फडकवावेत, माझा आणि इनासचा. मला टोचलं, म्हणून माझा चेहरा नितळ आहे. याहून बोलकं पत्रक मी आयुष्यात लिहू शकणार नाही. चळवळीच्या भल्यासाठी गप्प राहायचं? गप्प राहून मी काय केलंय, ते आत्ताच वाचलंत ना?

छापण्याआधी हे मी बेकरीत जाऊन इनासला वाचून दाखवलं. तो भट्टीतून पाव काढत होता. बराच वेळ काढत राहिला. मग म्हणाला, "आदल्या पत्रकात माजां नाव होतां, तुजां नव्हतां. आता तुजां घाल."

घालतो. मी सदाशिव, आचऱ्याचा. भित्रा मी होतो.

मला माफी नको, समजूतही नको. माझ्यासाठी काहीच नको. पण पुढच्या वेळी माझ्यासारखा कुणी खोक्यावर उभा राहून बाही वर करेल, तेव्हा लांबून मान डोलावू नका. जवळ जा, त्याच्या दंडावर अंगठा फिरवा. सपाट लागलं, तर त्याला तिथेच सोडा — आणि तुम्ही मात्र रांगेत जाऊन उभे राहा.