बाबांच्या ओठावरची मिशी

मास्क बसत नव्हता, एवढीच अडचण होती. बाबांना लातूरच्या दवाखान्यात दाखल करून सहा दिवस झाले होते. फुप्फुसात पाणी झालेलं. नाकातोंडावर घट्ट बसवलेल्या मास्कमधून मशीन दाबानं हवा आत ढकलायचं, पण बाबांची मिशी दाट आणि राठ. मास्क ओठाला टेकायचाच नाही, कडेनं फुसफुस हवा बाहेर. ऑक्सिजनचा आकडा चढायचा आणि परत पडायचा. डॉक्टर म्हणाले, मिशी काढा, नाही तर घशात नळी घालावी लागेल, आणि या वयात एकदा नळी घातली की ती निघेल याचा भरवसा मी देत नाही.

सिस्टरनं वापरून फेकायचा रेझर आणला. बाबांनी तिचा हातच धरला. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, आणि दोन दिवसांपूर्वी वॉर्डबॉयनं तसल्याच रेझरनं गालावर कापलं तेव्हा तासभर रक्त थांबलं नव्हतं. त्या जागी मास्क घासून कातडं सोललेलं. बाबांनी मास्क जरासा उचलला आणि धापा टाकत म्हणाले, "माझा रेझर. ब्यागंत हाय. तू कर."

तू म्हणजे मी. मी नांदेडला हापिसात नोकरीला, दाढी एक तर दुकानात नाही तर घरी ट्रिमरनं. बाबांसारखा पात्याचा सेफ्टी रेझर पन्नाशीपर्यंत हातात धरलेला नाही. आणि बाबांची मिशी तरी जन्मात एकदाच उतरली होती, आजोबा वारले तेव्हा. आमच्याकडं बाप जिवंत असेपर्यंत मुलगा मिशी काढत नाही. काढलेली दिसली की बघणारा समजून जातो, याचा बाप गेला. हापिसातली नवी पोरं गुळगुळीत तोंडानं फिरतात, त्यांना कोणी विचारत नाही. पण चाकूरला आमच्या गल्लीत अजून माणूस आधी ओठ बघतो, मग रामराम घालतो.

हात बसल्याशिवाय बाबांच्या ओठाला पातं लावायची माझी छाती नव्हती. म्हणून वॉर्डाच्या न्हाणीत गेलो आणि आरशासमोर आधी स्वतःच्या मिशीवर हात चालवून बघितला. मनात आलं नाही का? आलं. म्हटलं, बाप जगवायला काढतोय, मारायला नाही. डाव्या बाजूला जोर देऊन पातं ओढलं आणि तीन ठिकाणी रक्त आलं. मग ध्यानात आलं की जोर द्यायचाच नसतो, रेझरचं स्वतःचं वजन पुरतं. डावी गेल्यावर उजवी ठेवून काय मिरवायचं होतं? तीही काढली, आणि ती बिनकापता निघाली. ओठावर तुरटी फिरवली, तोंडाला वॉर्डाचा कापडी मास्क बांधला आणि बाबांकडं आलो.

रेझरला नवं पातं चढवलं, आधी कात्रीनं मिशी बारीक केली. गरम पाण्याचा रुमाल ओठावर धरला, मऊ होईपर्यंत. पण रुमाल धरायचा तर मशीनचा मास्क काढावा लागे, आणि मास्क काढला की आकडा पडे. म्हणून थोडं थोडं केलं. मी एका बोटानं नाकाचा शेंडा वर उचलायचो, बाबा वरचा ओठ दातांवर ताणून धरायचे, आणि मी नाकापासून खाली, केस वाढतात त्याच दिशेनं, बोटाच्या पेराएवढं पातं उतरवायचो. परत मास्क. परत साबण. नाकाखालच्या खळगीत तर श्वास धरून काम केलं, माझाही आणि त्यांचाही. बाबा डोळे मिटून पडले होते. लहानपणी न्हाव्यासमोर मी तसाच बसायचो, आणि माझं डोकं धरायला तेच असायचे.

एक थेंब रक्त आलं नाही. मास्क चपखल बसला, फुसफुस बंद झाली, आकडा चढला आणि चढूनच राहिला. सिस्टर म्हणाली, "छान केलंत हो काका." मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

बाबांनी बोटानं हवेत बांगड्या दाखवल्या. म्हणजे, तुझी आई कुठाय? पाच दिवस बाकावर काढलेल्या आईला मी आदल्या संध्याकाळी बळंच चाकूरला झोपायला धाडलं होतं. फोन लावला. "आई, लवकर ये."

"काय झालं?"

"काही न्हाई झालं. तू ये फकस्त."

आमच्याकडं मरणाची बातमी फोनवर कोणी देत नाही. लवकर या, एवढंच म्हणतात, आणि काय झालं विचारलं तर काही नाही म्हणतात. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं. पण आनंदात माणूस गाढव होतो.

तिला शोधाशोध नको म्हणून मी खाली फाटकाशी थांबलो. उकडत होतं, कापडी मास्क हनुवटीखाली ओढला. आई ऑटोतून उतरली. मी हात वर केला. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिथंच खाली बसली. मी पोचेपर्यंत तिनं फाटकाच्या खांबावर दोन्ही मनगटं आपटली होती. हिरव्या काचा तिच्या मांडीवर पडल्या. तळहातानं कुंकू पुसलं ते केसांपर्यंत फराटलं.

"आई, जिवंत हायेत ते. आई, बाबा जिवंत हायेत."

तिनं माझा वरचा ओठ बोटांनी चाचपला. "मग हे काय करून ठेवलंस रे?"

वर गेलो तेव्हा बाबा जागे होते. त्यांनी तिचे हात बघितले, कपाळ बघितलं. ती म्हणाली, "एष्टीत दांडीला लागून फुटल्या." त्यांनी माझ्याकडं नजर वळवली. मास्क माझ्या हनुवटीखालीच राहिला होता. तो वर ओढायलाही मला सुचलं नाही. बाबांनी डोळे मिटून घेतले.

दुपारी माझी बायको हिरव्या बांगड्या घेऊन आली. आईनं हात मागं घेतले. "नगं. परत फोडायचं बळ न्हाई माझ्यात." आम्ही लई विनवलं. तिनं ऐकलं नाही, कुंकूही लावलं नाही.

बाबा आणखी चार दिवस जगले. मास्क शेवटपर्यंत नीट बसला, ओठाला कुठं ओरखडासुद्धा नव्हता. आणि ते चारही दिवस मोकळ्या कपाळाची, रिकाम्या हातांची त्यांची बायको त्यांच्या उशाशी बसून होती, आणि ते तिच्याकडं बघत होते.