पुढून काढलेला फोटो

कोल्हारचा जॉर्ज फोटोवाला लग्नाचे फोटो झकास काढायचा, पण त्याला लग्नाला बोलवायचं कुणी नाही. कारण साधं होतं. मनमाड रस्त्यावर ट्रकखाली कुणी चेंगरलं, उसाच्या सरीत कुणी चिरलेला सापडला, विहिरीत बाई तरंगली, की पोलीस त्याला उचलून न्यायचे. पंचनाम्याला फोटो लागायचा आणि आसपास कॅमेरा एकट्या जॉर्जकडं. मग बाया म्हणायच्या, काल मढ्यावर धरलेलं भिंग आज आमच्या नवरीवर नको. जॉर्ज हसून सांगायचा, मढं बरं, हालत तरी नाही. पण मनातून त्याला ते लागायचं, आणि त्याच्या बायकोला, हन्नाला, त्याहून जास्त.

तीस वर्षांत त्यानं काय पाहिलं नाही? कोयत्यानं उघडलेली डोकी पाहिली, रॉकेलात जळून कोळसा झालेल्या सुना पाहिल्या, बांधाच्या भांडणात सख्ख्या भावानं भावाच्या पोटात घातलेली पहार पाहिली. घरी यायचा, कोपरापर्यंत हात धुवायचा आणि कालवण-भाकरी खायचा. माणूस कशालाही सरावतो हो, त्यात काय मोठेपणा नाही. पुढं सगळ्यांच्या खिशात कॅमेरे आले, पोलिसांच्याही आले. हन्ना गेली. आणि सदुसष्टाव्या वर्षी जॉर्ज दुकानात बसून लोकांचे जुने फोटो एआयवर नवे करून द्यायला लागला. भेगा बुजायच्या, डाग जायचे, पांढरे पडलेले आजोबा गोरेपान होऊन निघायचे. लोक खूश, हाही खूश.

त्या दुकानात निकिता आली. तेवीस वर्षांची, शेवगावकडच्या एका शाळेत शिकवणारी. आजीनं सांभाळलेली पोर. वडिलांचं गाव नदीपलीकडं, म्हणून लग्नाची पत्रिका कोल्हारात छापायची ठरलेली. तिनं पर्समधून एक फोटो काढला. नवरा-नवरी उभे, आणि नवरीच्या तोंडाच्या जागी भोक.

"उंदरानं खाल्लाय, बाबा म्हणतात," ती म्हणाली. "काका, पत्रिकेवर आईचा फोटो टाकायचाय. मी दोन वर्षांची होते, ती विहिरीत पाय घसरून गेली. मला तिचं तोंडच माहीत नाही."

जॉर्जनं भोक बघितलं. गोल, काठ करपलेले. विडी टेकवल्याशिवाय असं भोक पडत नाही, आणि उंदीर विडी ओढत नाहीत. पण तो गप्प राहिला. गप्प राहण्यात त्याचा हातखंडा होता, ते पुढं येईलच.

त्यानं फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि एआयला लावला. भोकात बाई आली. मोठे डोळे, नितळ गाल. पुन्हा लावला, तर दुसरीच बाई. तिसऱ्यांदा तिसरी. निकिता दुसरीपाशी थांबली आणि पडद्याला हात लावून म्हणाली, "ही माझ्यासारखी दिसते ना?"

"पोरी, खोटं कशाला सांगू," जॉर्ज म्हणाला. "जे फोटोत हाय ते हे साफ करतं. जे जळून गेलं ते ह्याला कुठनं कळणार? हजार बायांची तोंडं बघून ठिगळ लावतं. ही कुणाचीच आई न्हाई. दुसरा फोटो आण एखादा."

"दुसरा नाहीच काका. बाबांनी सगळीकडं शोधलं."

बोलता बोलता जॉर्जनं फोटो उलटा केला. मागं शाईनं लिहिलेलं, छगन-ज्योती, आणि गावाचं नाव. त्याचा उजवा अंगठा एकदम ठणकायला लागला. तो अंगठा मुळापासून वाकडा होता.

दोन हजार तीन साल. विहिरीच्या काठावर बाजेवर ज्योती ठेवलेली. कपाळ भुवईपर्यंत फुटलेलं, डावा जबडा सरकलेला, आणि गळ्यावर वळ. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला चार बोटं, त्यातलं मधलं पेरभर तोकडं. तिचा नवरा छगन शेजारीच उकिडवा बसून रडत होता आणि त्याचं मधलं बोट कडबाकुट्टीत गेलेलं. आंधळ्यालाही दिसलं असतं. पंचनाम्याला आलेल्या पोलीस जमादारानं मात्र ज्योतीचा पदर गळ्यावर ओढला आणि सांगितलं, उजव्या बाजूनं घे, एकच बास. जॉर्जनं तसा घेतला. मग जमादार पंचांकडं वळला, तेवढ्यात पदर सारून पुढून एक घेतला. का घेतला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

छगननं ते पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला, कॅमेऱ्यातला रोळ मागितला. जॉर्जनं त्याऐवजी एका बाप्तिस्म्याचा रोळ दिला. छगननं तो उन्हात सगळा ओढून काढला, मग जॉर्जचा हात उंबऱ्यावर दाबला आणि लोखंडी शटर वरून सोडलं. दोनदा. "बोलला तर पुढच्या बारीला मान," एवढंच म्हणाला. हन्ना म्हणत राहिली, ती निगेटिव्ह त्या ज्योतीच्या आईला नेऊन द्या, देवाला तोंड दाखवायचंय. जॉर्ज भ्यायला. निगेटिव्ह हन्नाच्या शिवणाच्या डब्यात पडून राहिली, आणि छगन अपघाताच्या कागदावर सही करून मोकळा फिरला.

"परवा आजीला आणते," निकिता जाता जाता म्हणाली. "ती ओळखेल. बाबापण येतील, पत्रिका बघायला. कन्यादान तेच करणार."

ती गेल्यावर जॉर्जनं डबा काढला. एक मन म्हणालं, सांग. दुसरं म्हणालं, पोरीचं लग्न मोडशील म्हाताऱ्या. मग त्यानं मधली वाट काढली, भित्र्या माणसाला ती नेहमी सापडते. निगेटिव्हचा फोटो केला आणि एआयला लावला. एआयनं फुटलेलं कपाळ भेग समजून बुजवलं, जबडा सरळ बसवला, डोळे उघडले. गळ्यावरचे वळ डाग म्हणून पुसून टाकले. शांत, हसरी बाई तयार झाली. जॉर्जला वाटलं, सुटलो.

परवा निकिता आली, सोबत आक्काबाई, ज्योतीची आई. म्हातारीनं तो साफ फोटो डोळ्याजवळ नेला, लांब धरला.

"कोन हाय ही?"

"आजी, आई."

"न्हाई बाई. माझ्या ज्योतीचा एक दात व्हटावर यायचा. भुवईत खोक हुती, ल्हानपनी दगड लागल्याली. ही कुनाची तरी सून आसंल."

निकिताचे खांदे पडले. ती रडली नाही, नुसती म्हणाली, "म्हणजे मला आई दिसणारच नाही."

जॉर्जला तिच्याकडं बघवेना. जमादारानं पदर ओढला होता, आज यंत्राकडून त्यानं स्वतः तेच करून घेतलं होतं, आणि त्यात ज्योतीचा दातही गेला. त्याला स्वतःची शिसारी आली. त्यानं खणातून खरा फोटो काढून काचेच्या काउंटरवर ठेवला. "ही हाय. मी काढलाय. वीस वरसं लपवला. पोरी, बेतानं बघ."

आक्काबाईनं फुटलेल्या ओठावर बोट ठेवलं. दात तिथंच होता. "हीच," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

निकिता मात्र उभी होती. तिनं आधी दात पाहिला, मग कपाळ, मग गळा. आपला हात हवेत धरून तिनं बोटं त्या वळांवर जुळवली. मधल्या बोटाशी अडली. दर दिवाळीला साडी घेऊन येणारा हात तिला पाठ होता.

"आजी, विहिरीला बोटं असतात का?"

आक्काबाई जमिनीकडं बघत बोलली. "पोरगी देतो, तोंड बंद ठेव म्हनला. नायतर तिलाबी त्याच हिरीत टाकतो म्हनला. मी तुला घेतलं बाई. मी काय करनार हुते?"

तेवढ्यात पत्रिकेचा नमुना घेऊन छगन आत आला. काउंटरवर बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "ह्यो कुठनं आला? रोळ तर मी उन्हात धरला हुता."

बोलून गेल्यावर त्याला कळलं पोरगी ऐकतेय. मग त्यानं वेळ घालवला नाही. फोटोवर झडप घातली, जॉर्जनं तो छातीशी धरला, तशी छगननं त्याची मानगूट धरून डोकं काचेवर आपटलं. काच फुटली. दुसऱ्यांदा आपटलं. मग गळा धरला आणि दाबत राहिला, दात खाऊन, साठीचा माणूस पण पकड तीच. जॉर्जच्या डोळ्यांपुढं अंधारी आली.

निकितानं लाइटचा लोखंडी स्टँड उचलला. पहिला घाव कोपरावर, दुसरा मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज झाला आणि पकड सुटली. तिसरा गुडघ्यावर बसला, छगन काचांत कोसळला. आक्काबाई उठली, पायातली वहाण काढली आणि त्याच्या तोंडावर मारत सुटली. शिवी नाही, शाप नाही, नुसती मारत राहिली. रस्त्यावरची माणसं आत आली तेव्हा तिला दोघांनी धरून बाजूला करावं लागलं. कुणीतरी पोलिसांना फोन लावला.

जॉर्ज भिंतीला टेकून बसला होता, मानेवरून रक्त सदऱ्यात उतरत होतं. निकिता ओलं फडकं घेऊन त्याचा गळा पुसायला लागली. त्यानं वाकड्या अंगठ्याच्या हातानं तिचं मनगट धरलं. आवाज निघत नव्हता, ओढून काढला.

"पुसू नको. आधी फोटो काढ. पुढून."

तिनं मोबाईल काढला.

"त्यातलं ते तोंड गुळगुळीत करायचं बंद कर."

तिनं बंद केलं. जॉर्जनं हनुवटी वर केली. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला चार वळ, मधला पेरभर तोकडा. निकितानं तीन फोटो घेतले, आणि तिन्ही होईपर्यंत जॉर्ज हलला नाही.