माझा थायरॉइड दूध संस्थेत गाजला

म्हशीला टेकून झोप लागणं हा काही आजार नव्हे. तिचं अंग ऊबदार असतं आणि घोरण्याबद्दल ती तक्रार करत नाही (घरात ही सोय नाही).

पण त्या सकाळी धार काढता काढता मी असा पेंगलो, की आमच्या मैनीनं लाथ झाडली आणि भरली चरवी माझ्याच अंगावर! मुलगा संभा धावत आला. त्यानं आधी मैनीचा पाय बघितला, मग मला उठवलं.

"आबा, सारखी थंडी वाजत्या, बसल्या जागी डुलक्या घेतासा. आता झेपत न्हाय तुमास्नी. म्हस इकून टाकू."

"मैनीला इकायच्या आधी मला इक!"

"तुमास्नी कोण घेनार?" माझी बायको हौसा चुलीपासून ओरडली.

शेवटी तह झाला. रक्त तपासायचं. काही निघालं तर मैनी बाजारात, नाही तर गोठ्यात.

रिपोर्ट संभाच्या मोबाईलवर आला. "आबा, थायरॉइडचा आकडा रेघंच्या जरा वर हाय."

वर! उभा जन्म मी गडमुडशिंगीच्या दूध संस्थेत दूध घातलंय. तिथं फॅट वर लागली की माणसाची मान वर, खाली लागली की खाली. आकड्यांचं एवढंच शास्त्र मला ठाऊक, आणि दुसरी पास माणसाला याहून जास्त लागतं कशाला? संभा पुढं काहीतरी सांगत होता, पण मी चरवी उचलून कधीच बाहेर पडलो होतो.

"हमीद!" माप घेणाऱ्या हमीदला मी रांगेच्या टोकावरूनच हाळी दिली. "माझा थायरॉइड रेघंच्या वर लागलाय!"

"काय सांगतासा आबा! ह्या वयात?"

"मग! घरचं दूध पेलेली हाडं हायती!"

अख्ख्या रांगेला मी चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी हौसा आणि संभासोबत कोल्हापूरला डॉक्टरीणबाईंपुढं छाती काढून बसलो. त्या म्हणाल्या, "आजोबा, आकडा वर म्हणजे गळ्यातली ग्रंथी जरा मंद. तिनं काम करावं म्हणून मेंदू तिला हाका मारतो. हा आकडा त्या हाकांचा. ती जेवढी ढिली, तेवढी हाक मोठी."

हौसा खुर्ची ओढून पुढं सरकली. "म्हंजी मी मेंदू आन् हे ग्रंथी!"

"अगदी बरोबर, मावशी!"

मला दरदरून घाम फुटला (म्हणे याला थंडी वाजते!). "मग माझी म्हस गेली?"

डॉक्टरीणबाई चक्रावल्या. संभानं तह समजावून सांगितला, तशा त्या हसल्या. "अहो, ग्रंथीचा रस अजून पुरेसा आहे. हाक थोडी मोठी, पण काम होतंय. वयाबरोबर हा आकडा जरा वर सरकतो, कधी आपोआप उतरतोही. एवढ्यावरून लगेच गोळी नको. दोन-तीन महिन्यांनी परत तपासू. त्रास वाढला तर आधी या. झोप पुरती होते ना?"

"कुठली वो! कोंबडं आरवस्तवर मोबाईलवर कुस्त्या बघत्यात!" हौसानं मेंदूचं काम तिथंच सुरू केलं.

मोबाईल जप्त झाला. पुढचे दोन-तीन महिने मी धार काढताना डोळे टक्क उघडे ठेवले. इतके, की मैनीच बिचकून दूध चोरायला लागली!

पुन्हा रक्त दिलं. आकडा रेघेच्या आत! गोळी नाही, फक्त अधूनमधून तपासायचं. संभानं मुकाट्यानं मैनीपुढं वैरण टाकली.

मी ताठ मानेनं संस्थेत गेलो.

"आबा, आकडा काय म्हनतोय?" हमीदनं विचारलं.

"उतरला!" मी गरजलो. "पार रेघंच्या खाली!"

अख्ख्या रांगेच्या माना खाली! एकानं तर डोक्यावरची टोपी काढली. "अरं, उतरला त्येच बरं असतंय!" मी जीव तोडून सांगत होतो, पण चहा पिऊन आकड्याचं शास्त्र माझ्याकडूनच शिकलेली माणसं ती, ऐकतात काय! हमीदनं मला बाजूला घेतलं आणि कानाशी हळूच विचारलं, "आबा, खरं सांगा... पानी घातलंसा काय?"

जन्मभर दुधात कधी थेंब घातला नाही, आणि म्हातारपणी रक्तात पाणी घातल्याचा आळ आला!