विभूतीचा डबा डिकीच्या तळाशी

मैत्रिणींनो, रडूच येऊन राहिलंय. किनवटच्या जंगलात तंबूत राहायला जायचं म्हणून पहाटेपासून सामान भरत होते. तंबू, सतरंज्या, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. डिकी कशीबशी लागली.

दुपारी वाटेत गाडीतच सासूबाईंना भोवळ आली. शुगर आहे त्यांना. पाणी दिलं तर तोंड फिरवलं.

"लिंगपूजा झाली न्हाई अजून."

पूजेआधी त्या पाणीसुद्धा घेत नाहीत, हे मला सोळा वर्षं माहीत आहे. आणि पूजेला लागणारा विभूतीचा डबा मीच डिकीच्या तळाशी कोंबलेला! रस्त्यावरच सगळं सामान उपसलं, पूजा झाली, तेव्हा कुठे त्या पाणी प्यायल्या.

"आई, सांगायचं ना हो!"

"तू लई गडबडीत होतीस."

सामानाच्या यादीत माचिस दोनदा लिहिलीय. आईंचं काहीच नाही. तुमच्या घरात असं गप कोण बसतं? आज त्यांना जेवलात का विचारलंत?