आठ नंबरची जर्सी

"सामना रद्द नाही, पुढे ढकललाय," असं म्हणून आमचे जर्मन शेजारी आजोबा मनगटावरच्या घड्याळात बघायचे. ट्रेन चुकलेली असो, माझ्या बायकोचा व्हिसा अडकलेला असो, वाक्य तेच. मला आधी वाटलं, म्हातारा माझी फिरकी घेतोय.

जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर एकटे राहायचे. कारखान्यातून निवृत्त झालेले, भारी शिस्तीचे. अशा इमारतीत राहिला असाल तर तळघरातली धुण्याची सामायिक खोली आणि तिच्या दारावरचं वेळापत्रक तुम्हाला ठाऊक असेल. शनिवार दुपारचे तीन त्यांचे. मी नवीन होतो, न बघताच बादली घेऊन शिरलो. दोरीवर पाच निळ्या जर्स्या, पाठीवर नंबर, आणि खोलीत माणूस नाही. पंख्याच्या वाऱ्याने त्या हलत होत्या. खोटं कशाला बोलू, मी बादली तिथेच टाकून दाराकडे वळलो.

तेवढ्यात ते आले आणि न रागावता मला सगळं सांगितलं. तरुणपणी ते अमेरिकेतल्या एका गावच्या छोट्या क्लबात पगारी फुटबॉल खेळायला गेले होते. क्लब इतका फाटका, की जर्स्या खेळाडूंनीच पाळीपाळीने धुवायच्या. त्या आठवड्यात पाळी यांची. शनिवारी तीनच्या सामन्याला बॅग घेऊन पोचले तर मैदानाला कुलूप, आणि फाटकावर कागद: सामना पुढे ढकलला आहे. पुढची तारीख कुणी दिलीच नाही. मालक गायब, खेळाडू पांगले, बॅग यांच्याकडे राहिली. तेव्हापासून ज्याची जर्सी त्याला पोचवायची, एवढाच ध्यास. बऱ्याच पोचवल्या होत्या. उरलेल्या दर शनिवारी तीनला धुवायच्या, सामना ठरलाच तर अडायला नको.

इंटरनेटवरची शोधाशोध मग माझ्या गळ्यात पडली. मैदानाच्या जागी आता सुपरमार्केटचं पार्किंग आहे, हे मी त्यांना नकाशावर दाखवलं आणि लगेच जीभ चावली. ते स्क्रीनवर वाकले. "गेनाऊ, बरोब्बर," म्हणाले, "गोलपोस्ट त्या ट्रॉल्यांपाशी होता."

तीन वर्षांत चार जर्स्या गेल्या. एकाच्या मुलीने कळवलं, वडिलांच्या फोटोशेजारी टांगली आहे. उरली आठ नंबरची. तिच्या मालकाचं नाव मात्र ते सांगेनात. पत्ता आहे, पण तो घेत नाही, एवढंच म्हणायचे.

त्या उन्हाळ्यात आई पुण्याहून आली. जुना सुती कपडा दिसला की त्याचं फडकं करायचं, हा तिचा धर्म. तळघरात एकच विटलेली जर्सी दिवसेंदिवस लोंबकळताना बघून तिला वाटलं, कुणीतरी टाकून दिलीय. वर आणून टर्रकन दोन तुकडे केले. मी ऑफिसातून आलो तर अर्धा आठ ओट्यावर. इतका ओरडलो तिच्यावर, की अजून लाज वाटते. सगळं ऐकल्यावर ती सुईदोरा घेऊन बसली आणि गोधडीला घालते तसे टाके घातले. निळा दोरा घरात नव्हता, पांढराच वापरला.

आम्ही दोघं खाली गेलो. आई मराठीतच म्हणाली, "चुकले हो." त्यांना ते कळलं असावं. टाक्यांवरून त्यांनी बोट फिरवलं, आणि शर्टावरूनच जर्सी अंगात घातली.

"आठ नंबर मीच," ते म्हणाले. "मी घेतली असती तर क्लब बंद झाला असता."

आईने पुढे होऊन त्यांची बाही सरळ केली.

त्यानंतर शनिवारी दोरी रिकामीच असायची. ढकललेल्या सामन्याचं ते वाक्यही मी पुन्हा ऐकलं नाही. कधी वाटतं, त्यांचा क्लब आम्हीच बंद केला. हिवाळ्यात ते गेले. तीनची वेळ आता मोकळी आहे, पण तेव्हा मशीन लावायची माझी हिंमत होत नाही.

ते गेले त्याच आठवड्यात त्यांच्या पुतणीचा फोन आला होता. दफनावेळी घालायचे शेवटचे कपडे काकांनी स्वतःच काढून ठेवलेत, पण त्यात एक फाटून शिवलेली जर्सी आहे, ती चुकून आली असेल का, असं विचारत होती. मी म्हटलं, नाही, तीच घाला.

आईला हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अरे, माहीत असतं तर टाके जरा बारीक घातले असते."